एम.एस्सी. फिजिक्सच्या मुलांना एक तरी गोष्ट खरोखर मोजू द्या: भौतिकशास्त्र अभ्यास मंडळास खुले पत्र

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र अभ्यास मंडळाचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

एम.एस्सी. फिजिक्सचा अभ्यासक्रम सुधारायचा म्हणून महाविद्यालयांकडून सूचना मागवल्या आहेत. त्यासाठी आलेल्या तक्त्यात रकाने आहेत: पेपर, युनिट, काय वाढवावे, काय वगळावे. मला जे म्हणायचे आहे ते त्या रकान्यांत बसत नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे आमच्या भाषेत सीएचबी. अभ्यास मंडळावर सीएचबीवाले नसतात. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला मुलांच्या शेजारी उभे मात्र बहुतेक वेळा तेच असतात.

मागणी एकच आहे. चारपैकी एका सत्रात ठरलेल्या प्रयोगांची यादी काढून टाका आणि त्या जागी सत्रभर चालणारा एकच प्रयोग ठेवा, असा की ज्याचे उत्तर शिकवणाऱ्यालाही आधी ठाऊक नसेल. त्याला जागा व्हावी म्हणून थिअरीचा पोर्शन कमी करा. नवा पेपर नको, नवे युनिट नको, 'इमर्जिंग ट्रेंड्स' नावाचे काही तर मुळीच नको.

यादीतले प्रयोग वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. त्यांचे आपण काय करून ठेवले आहे ते एका प्रयोगावरून सांगते. जर्मेनियमचा बँड गॅप, म्हणजे त्यातल्या इलेक्ट्रॉनला सुटून वीज वाहायला लागणारी किमान ऊर्जा, फोर प्रोब पद्धतीने काढायचा प्रयोग जवळजवळ सगळीकडे आहे. छोट्या भट्टीत स्फटिक तापवायचा, चार सुयांपैकी बाहेरच्या दोनांतून ठरावीक प्रवाह सोडायचा, आतल्या दोनांवर व्होल्टेज मोजायचे, तापमान उतरत जाईल तशी रीडिंग घ्यायची. रोधकतेचा लॉग आणि तापमानाचा व्यस्त असा ग्राफ काढला की स्लोपवरून बँड गॅप येतो. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्सटर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, विचारतात, स्टँडर्ड व्हॅल्यू किती? मूल सांगते, ०.६७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. जर्नलमध्ये, म्हणजे मुलाच्या प्रयोगवहीत, ०.६८ असेल तर सही होते.

आता या प्रयोगात खरे काय घडते ते पाहा. कमी तापमानाकडचे बिंदू सरळ रेषेवर येत नाहीत, रेष तिथे वाकते. वाकणारच, कारण तिथे स्फटिकातल्या अशुद्धीने दिलेले वाहक वरचढ असतात. ती वाकलेली शेपटी म्हणजे प्रयोगातला निम्मा धडा. पण ती 'ग्राफ खराब करते' म्हणून मुले ते बिंदू गाळतात, आणि आपण गाळू देतो. दुसरी गोष्ट याहून मजेची आहे. ०.६७ ही खोलीच्या तापमानाला असलेली किंमत. बँड गॅप तापमानाबरोबर साधारण सरळ रेषेत घटतो. रोधकतेच्या सूत्रातल्या घातांकात ही घट घातली की तापमानाशी जोडलेला भाग स्थिरांक होऊन बाजूला पडतो, आणि स्लोपमध्ये उरते ती शून्य केल्विनपर्यंत सरळ लांबवलेली किंमत, ०.७८ च्या आसपास. म्हणजे नीट मोजणाऱ्या मुलीला ०.७६ मिळणे हे चांगल्या प्रयोगाचे लक्षण आहे. तिचे गुण जातात. उत्तरावरून मागे येत आकडे बसवणाऱ्याच्या पानावर 'गुड' पडते.

रीडिंग बसवणे हा शब्दप्रयोग एम.एस्सी.ला कुणाला शिकवावा लागत नाही. मुले तो बारावीपासून घेऊन येतात. पाच वर्षे भौतिकशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाची जर अशी खात्री झाली असेल की मोजमाप म्हणजे छापील आकड्यापर्यंत पोचण्याची औपचारिकता, तर त्याने क्वांटम फील्ड थिअरीची दोन युनिटे पाठ केली काय आणि चार केली काय.

यावर मंडळ म्हणेल की नव्या रचनेत संशोधन प्रकल्प आहेच. आहे. दोन वर्षांच्या ८८ क्रेडिटपैकी तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ क्रेडिट प्रकल्पाला दिली आहेत, आणि कागदावर ही सुधारणा मोठीच आहे. प्रत्यक्षात ते प्रकल्प कसे होतात ते तुम्हालाही माहीत आहे. झिंक ऑक्साइडचे नॅनो कण सोल-जेल पद्धतीने करायचे, भुकटी पुडीत घालून बाहेरच्या शहरात एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीला, पाठवायची, आलेख्यात आलेल्या शिखराची रुंदी शेररच्या सूत्रात घालायची, 'कणांचा आकार अमुक नॅनोमीटर' असे लिहून काळ्या रेक्झिनमध्ये बाइंडिंग करायचे. शिखराच्या रुंदीतला यंत्राचा स्वतःचा वाटा किती, हे विचारले तर गप्प. मुलाची चूक नाही, यंत्र त्याने डोळ्यांनी पाहिलेलेच नसते. ज्याला पहिल्या दोन सत्रांत कधी स्वतःचा आकडा स्वतः सांभाळावा लागला नाही, त्याच्या हातात एकदम १० क्रेडिटचे संशोधन दिले की तो दुकानातून आणल्यासारखे ते आणतो.

म्हणून लांब प्रयोग दुसऱ्या सत्रात हवा, प्रकल्पाच्या आधी. आणि तो कोकणात करायला काय लागते याचे एक उदाहरण देते, कारण 'ग्रामीण महाविद्यालयांत साधने नाहीत' हे वाक्य बैठकीत हमखास येते.

आमच्या दोन विद्यार्थिनींनी एका लहान बंदराच्या जेट्टीवर भरती-ओहोटी मोजली. अधिकृत अभ्यासक्रमात याला कुठेही जागा नव्हती, हौस म्हणून केले. साहित्य म्हणजे पाण्याच्या पातळीपर्यंतचे अंतर सांगणारा काहीशे रुपयांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर, आर्डुइनो नावाचा छोटा नियंत्रक बोर्ड, मेमरी कार्ड आणि लाटांची खळबळ आत येऊ नये म्हणून खाली बारीक भोके पाडलेला पीव्हीसी पाइप. चंद्राची मुख्य भरती १२.४२ तासांची, सूर्याची १२ तासांची. या दोन जवळजवळच्या आवर्तनांना फोरिअर विश्लेषणात, म्हणजे नोंदीतली आवर्तने सुटी करण्याच्या गणितात, वेगळे दिसायचे तर किमान पंधरा दिवसांची अखंड नोंद लागते, कारण त्यांचे एकमेकींवर चढणे-उतरणे, म्हणजेच उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती), १४.७७ दिवसांनी परत येते. मॅथेमॅटिकल मेथड्सच्या पेपरात हे आम्ही फळ्यावर शिकवतोच. पण आठव्या दिवशी बॅटरी उतरून नोंद तुटल्यावर त्या मुलींना रिझोल्यूशन, म्हणजे जवळची दोन आवर्तने वेगळी ओळखता येणे, ही काय चीज आहे ते जसे समजले, तसे फळ्यावर कुणालाही समजलेले मी पाहिले नाही.

पुढची भानगड खरी भौतिकशास्त्राची. विश्लेषणात चोवीस तासांपाशी अपेक्षेपेक्षा उंच शिखर आले. तिथे रोज एकदा येणारी चंद्र-सूर्याची एक खरी भरती असते, तिचे आवर्तन २३.९३ तासांचे. मग जास्तीचे कुठून आले? सेन्सर अंतर काढतो आवाजाच्या वेगावरून, आणि हवा एक अंशाने तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दिवस-रात्रीत सहा अंशांचा फरक धरला तर वेगात एक टक्का, म्हणजे तीन मीटर अंतरावर तीन सेंटिमीटर. ही खोटी भरती रोज दुपारी नेमाने येते आणि खऱ्या रोजच्या भरतीच्या अंगावर बसते. २३.९३ आणि २४ तासांना निव्वळ नोंदीवरून सोडवायचे तर वर्षभर मोजावे लागेल. किंवा सेन्सरशेजारी एक थर्मामीटर लावावा लागेल. त्यांनी थर्मामीटर लावला. सिस्टिमॅटिक एरर, म्हणजे एकाच कारणाने नेमाने येणारी चूक, म्हणजे काय, हा प्रश्न त्या दोघींना आता कुठल्याही मुलाखतीत कुणीही विचारावा.

जेट्टीवरच्या एका तांडेलाने त्यांना जुना हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा. मुलींनी तोही तपासला. पंधरा तिथींत भरती बारा तास उशिरा होत जाते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५. पौर्णिमेपर्यंत हिशेबात पाऊण तासाची तफावत साठते, शिवाय बंदरागणिक फरक वेगळा. तरीही होडी काढायला पाऊणपट पुरते, आणि चार पंचमांश तोंडी कोण करत बसणार! कामाला पुरेशी अचूकता किती, हा प्रश्न एररच्या कुठल्याही व्याख्यानात मला यापेक्षा चांगला मांडता आलेला नाही.

या प्रयोगाची 'स्टँडर्ड व्हॅल्यू' कुठल्याही जर्नलमध्ये नव्हती. तुलनेला भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके होती, पण ती मोठ्या बंदरांची. आपल्या खाडीच्या तोंडाशी भरती किती उशिरा येते, हे मोजणाऱ्यालाच ठरवायचे होते.

असे विषय या किनाऱ्यावर हवे तेवढे आहेत. जैतापूरला सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे, त्यावर राजापूर तालुक्यात बरीच वर्षे भांडण चालू आहे, आणि दोन्ही बाजू किरणोत्साराबद्दल बोलतात. आमच्या प्रयोगशाळेत किरणोत्सार मोजणारा जीएम काउंटर आहे. त्याच्यावर आम्ही प्लॅटो, म्हणजे काउंटर स्थिर मोजतो तो व्होल्टेजचा पट्टा, काढतो, व्यस्त वर्गाचा नियम पडताळतो, आणि बॅकग्राउंड, म्हणजे आसपास मुळातच असलेला किरणोत्सार, 'वजा करायची गोष्ट' म्हणून पाच मिनिटांत उरकतो. ते बॅकग्राउंडच मोजा ना! जांभ्यावर किती, काळ्या कातळावर किती, किनाऱ्यावरच्या इल्मेनाइटच्या काळ्या वाळूत किती. समजा मिनिटाला पंचवीस काउंट येतात. अशा मोजणीतली अनिश्चितता काउंटच्या वर्गमुळाएवढी असते, म्हणून एक टक्का अचूकता हवी तर दहा हजार काउंट लागतील, म्हणजे चारशे मिनिटे, जवळजवळ पावणेसात तास, फक्त एका जागेचे. आपल्या प्रॅक्टिकलचा वेळ चार तास. वेळापत्रकच सांगते आहे की अचूकता मागू नका. अणुप्रकल्पाच्या बाजूने असा किंवा विरोधात, निदान भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी तरी या वादात मोजलेला आकडा घेऊन उभे राहावेत असे मला वाटते.

अलिबागचे तर विचारूच नका. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची नोंद होत होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होते, म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. १९०४ ला तिथे काम सुरू झाले, पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजले, जुन्या मालिकेला नवी नीट जोडता यावी म्हणून. उपकरण बदलताना काय करायचे असते याचा याहून चांगला पाठ मला माहीत नाही, आणि तो आमच्या एकाही प्रॅक्टिकलच्या पुस्तिकेत नाही. त्या नोंदी आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहेत, आणि ती संस्था पनवेलला, म्हणजे आपल्याच रायगडात आहे. मे २०२४ मध्ये मोठे चुंबकीय वादळ झाले तेव्हा लडाखमध्ये आकाश लाल झाल्याचे फोटो आमच्या मुलांनी स्टेटसला ठेवले. त्याच रात्री अलिबागच्या चुंबकीय नोंदीची रेष किती खाली गेली हे पाहायला कुणी सांगितले नव्हते.

जाता जाता विजयदुर्गाबद्दल. किल्ल्यावरून १८६८ च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने हेलियम शोधला, असे आमच्याकडे शाळेपासून सांगतात, आणि १८ ऑगस्टला कार्यक्रमही होतात. १८६८ ला लॉकियर इंग्लंडात होता. १८ ऑगस्टचे ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून पाहिले. लॉकियरने सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट ग्रहणाशिवाय टिपला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, मायदेशी. तो विजयदुर्गाला आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला पृथ्वीवर हेलियम सापडून तीन वर्षे होत आली होती. ही कथा मोडावी असा माझा हट्ट नाही. १८९८ ची मोहीम खरी आहे आणि अभिमान वाटायला ती पुरेशी आहे. पण फिजिक्सच्या एम.एस्सी.च्या मुलांनी तारखा न तपासता तीच कथा भित्तिपत्रकावर लिहावी, याचे वाईट वाटते. छापील ०.६७ वर विश्वास ठेवायची सवय इथपर्यंत पोचते.

आता पोर्शन. थिअरीतून किती काढायचे? माझ्या मते पाव भाग. काय काढायचे यावर भांडण होईल, होऊ दे. क्लासिकल मेकॅनिक्समध्ये एकच सिद्धता तीन पद्धतींनी करून घेतो, तिथून सुरुवात करता येईल. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्समधले शेवटचे युनिट बहुतेक महाविद्यालयांत शेवटच्या आठवड्यात पीपीटीवर संपते, म्हणजे ते आत्ताही शिकवले जात नाहीच. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला बसणाऱ्यांचे नुकसान होईल अशी भीती घालतात. नेटच्या फिजिकल सायन्सेसच्या पेपरात २०० पैकी १०० गुण पार्ट सीला आहेत, एकेक प्रश्न पाच गुणांचा, आणि चुकीला वजाबाकी. तिथे पाठ केलेली डेरिव्हेशन फारशी कामाला येत नाही. परिमाण तपासणे, टोकाच्या स्थितीत उत्तर काय होईल ते पाहणे, अंदाजाने पर्याय गाळणे हे येते. आमची हुशार मुले एम.एस्सी. झाल्यावर ते शिकायला पुण्यात क्लास लावतात, खोलीभाडे भरतात. ज्यांना परवडत नाही ती इथेच ज्युनियर कॉलेजला किंवा क्लासमध्ये शिकवायला लागतात. दोन वर्षे आमच्याकडे होती तेव्हा आम्ही काय करत होतो?

परीक्षेबाबत दोनच गोष्टी. लांब प्रयोगाला छापील उत्तराशी जुळण्याचे शून्य गुण असावेत, आणि कच्ची नोंदवही, शाईने लिहिलेली, खाडाखोडीसकट, तीच जमा करायची असावी. गुणांचा मोठा वाटा तोंडीला द्या. एका विद्यार्थ्यामागे वीस मिनिटे, आणि एक्सटर्नलने एकच प्रश्न धरून बसावे: हा आकडा चुकीचा असेल तर कशामुळे असेल? सध्याच्या व्हायवात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे येतात, त्यातली दोन जर्नल चाळण्यात जातात.

हे सगळे करणार कोण, या प्रश्नाला मात्र माझ्याकडे गोड उत्तर नाही. आम्हाला मानधन मिळते ते वर्गातल्या तासाचे. मुलांबरोबर जेट्टीवर घालवलेली दुपार कुठल्याही बिलात बसत नाही. पदभरती तुमच्या हातात नाही हे मला कळते. पण लांब प्रयोगाचे आणि प्रकल्पाच्या मार्गदर्शनाचे तास अभ्यासक्रमात 'प्रात्यक्षिक कार्यभार' म्हणून स्पष्ट लिहिणे तुमच्या हातात आहे. ते लिहिले गेले तर महाविद्यालयाला ते मोजावे लागतील. न लिहिल्यास तो मार्गदर्शकाच्या चांगुलपणावरचा कर होतो, आणि असा कर फार काळ कुणी भरत नाही.

साधनांबद्दलही एक विनंती आहे. नवीन महागडे काही घेण्याआधी आहे ते वाचवा. इथल्या हवेत जूनपासून लेन्सवर बुरशी चढते, आरशांचा लेप जातो, कनेक्टर हिरवे पडतात. आमचे प्रयोगशाळा परिचर मामा ऑप्टिक्सच्या कपाटात पावसाळाभर पिवळा बल्ब जळता ठेवतात, म्हणून आमचे इंटरफेरोमीटर अजून फ्रिंज दाखवते. निधीच्या प्रस्तावात देखभालीचा रकाना शेवटी आणि सर्वांत लहान असतो. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांसाठी तो वेगळा धरावा. आणि एखादे चांगले उपकरण प्रत्येक महाविद्यालयात निम्मे बिघडलेले असण्यापेक्षा रत्नागिरीच्या उपपरिसरात एक चालू स्थितीत असावे, तिथे मुलांनी आठवडाभर राहून काम करावे, एसटीचा आणि राहण्याचा खर्च मिळावा.

ओजेटीचे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायच्या प्रशिक्षणाचेही असेच जमू शकते. दुसऱ्या सत्रातल्या या ४ क्रेडिटसाठी मुले आज कुठे जातात? सोलर पॅनल बसवणाऱ्याकडे, कोचिंग क्लासला, ओळखीच्या एखाद्या कारखान्यात सही-शिक्क्यापुरती. पनवेलची भूचुंबकत्व संस्था, रत्नागिरीची हवामान वेधशाळा, दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ यांच्याशी विद्यापीठाने एकदा करार केला तर प्रत्येक महाविद्यालयाला वेगळे हात जोडावे लागणार नाहीत. दापोलीचे नाव मुद्दाम घेतले. हापूसमधला साका, म्हणजे गरात होणारा स्पंजासारखा बिघाड, बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. न कापता तो ओळखायचा, प्रकाशाने म्हणा, क्ष-किरणाने म्हणा, हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे, आणि बागायतदार त्याच्या उत्तराला पैसे मोजायला तयार आहे.

सगळीकडे एकदम लागू करा असे मी म्हणत नाही. पुढच्या शैक्षणिक वर्षी तीन महाविद्यालयांत, एक रायगडात, एक रत्नागिरीत, एक सिंधुदुर्गात, दुसऱ्या सत्राचे प्रॅक्टिकल असे घेऊन बघा. एक्सटर्नल बाहेरच्या विद्यापीठाचे ठेवा. वर्षाअखेरीस मुलांच्या कच्च्या नोंदवह्या मंडळाच्या बैठकीत टेबलावर ठेवा आणि त्या वाचून निर्णय घ्या. आमच्या मुलींच्या भरतीच्या नोंदी, तुटलेल्या आठव्या दिवसासकट, आणि सर्किटचा आराखडा मागणाऱ्या कुठल्याही महाविद्यालयाला द्यायला त्या तयार आहेत. पीव्हीसी पाइप मात्र नवा घ्यावा लागेल, जुन्यात कालवे धरली आहेत.

कळावे,

आपली विश्वासू,
तासिका तत्त्वावरील एक अध्यापक,
रत्नागिरी जिल्हा